इव्हरोजमावशीचं भोपळ्याचं सूप

हॉलंडात झूटरमेरला आमच्या गॅलरीतलं शेवटचं दार इव्हरोजमावशीचं. बाई मूळची हैतीची. डच खलाशाशी लग्न करून तरुणपणी इथे आली, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालता घालता स्वतः निवृत्त झाली. नवरा गेला. मूलबाळ नाही. 'मावशी' मीच चिकटवलं. तिचं डच झकास, माझं मोडकंतोडकं, पण गप्पा मारायला तेवढं पुरतं.

मूलबाळ नाही म्हणायचं खरं, पण एक जानेवारीला बघावं! हैतीतून दत्तक आणलेली पोरं या देशात ठिकठिकाणी आहेत. तान्हेपणी आलेली, डच आईबापांच्या लाडात वाढलेली, आता पंचविशी-तिशीतली. हैतीचं म्हणून त्यांच्याकडे काय? चेहरा. बास. मावशी त्यांना हुडकून हुडकून गोळा करायची आणि वस्तीच्या हॉलमध्ये, म्हणजे आपल्या समाजमंदिरात म्हणा ना, लाल भोपळ्याचं सूप पाजायची. गुलाम बायका हे सूप मालकांसाठी रांधायच्या, त्यांना मात्र चाखायची बंदी. १८०४ साली एक जानेवारीला हैती स्वतंत्र झाला आणि सगळ्यांनी पोटभर सूप प्यायलं. तेव्हापासून वर्षाचा पहिला घास हाच.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एक जानेवारीला आम्ही भीमा कोरेगावच्या स्तंभाला वंदन करणारी माणसं. म्हटलं, "मावशी, आपण नात्यातल्याच निघालो की!"

मग आलं ते मेलं करोनाचं वीस साल. हॉलला कुलूप. मावशी हवालदिल. "पोरं एक वर्ष चुकली की सुटली," म्हणायची. "मी सत्तरीची. त्यांना परत कोण गोळा करणार?"

माझा डब्यांचा धंदा. नवऱ्याच्या, सुमितच्या, मागे डिपेंडंट व्हिसावर आले, घरात बसून डोकं उठलं, तेव्हा सुरू केलेला. ठरलं असं की मावशीनं रांधायचं, मी डबे भरायचे, सुमितनं टिलबर्गपासून नीउ-व्हेनेपपर्यंत गाडीनं पोचवायचे आणि दुपारी झूमवर सगळ्यांनी एकदम जेवायचं.

एकतीस डिसेंबरला मावशी पॉझिटिव्ह! वास गेला, चव गेली. फोनवर रडली हो बाई. "नीलम, आता तूच कर."

"करते की! भोपळ्याचं काय एवढं मोठं!" मी म्हटलं. शहाणी ना मी.

एक तारखेला सकाळी शेगडीशेजारी फोन उभा केला. मावशी शाल पांघरून एकेक सांगत होती. मांस लिंबानं धुऊन घे. भोपळा शिजवून घोट. अख्खी मिरची वर तरंगत ठेव, फुटली तर गेलीस! सगळं रीतसर झालं. शेवटी "कांदालसूण तेलात परतून घाल" म्हणाली आणि औषध घ्यायला आत गेली.

मी तेल तापवलं. भोपळा समोर असला की आमच्या घरात फोडणीला मेथ्या पडणारच. हात आपसूक गेला. तडतडल्या, कांदालसूण टाकलं, परतलं आणि सगळं चर्रकन सुपात! वास घरभर झाला, थेट आईच्या नागपूरच्या स्वयंपाकघराचा. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

"मेले!" मी ओरडले. सुमित धावत आला. "काय झालं?"

"यांच्या स्वातंत्र्यात मेथ्या टाकल्या मी!"

"तिला वास येत नाही," तो हळूच म्हणाला. "आणि पोरांना कुठे कळतंय?"

"म्हणूनच ना!" मी खेकसलेच. "ज्यांना ठाऊकच नाही त्यांच्या गळ्यात खोटी चव मारायची?" दुकानं बंद. दुसरा भोपळा आणायचा कुठून? मला रडूच फुटलं.

मावशी परतली. मी सगळं सांगून टाकलं. कॅमेऱ्याला मेथीदाणे दाखवले. तिनं बराच वेळ निरखले.

"तू खाल्लंस?" तिनं विचारलं.

"अहो, असं कसं? आधी डबे जाऊ देत. उरलं तर मी..."

"उरलं तर?" खोकत का होईना, पण असली कडाडली! "बंदी मेथीवर नव्हती, नीलम. रांधणारीच्या खाण्यावर होती! तो मालकांचा नियम माझ्या सुपाला लावतेस? बस आधी. पहिला वाडगा तुझा."

लग्नघरी ढीगभर भांडी घासून माझी आई मांडवाबाहेर बसायची, उरलंसुरलं पदरात पडेपर्यंत. आणि मी? स्वतःचा धंदा, स्वतःचं घर, तरी रोज ओट्याशी उभ्यानं शेवटचं जेवते. त्या दिवशी टेबलाशी बसले. सुमितनं वाढलं. मावशी पडद्यावरून बघत राहिली. गोड भोपळा, मागून जराशी कडू मेथी. वाडगा चाटूनपुसून खाल्ला.

मग डबे गेले. मावशीचा तिच्या दाराशी ठेवला. दुपारी झूमवर एकूण एक पोरगं हजर होतं, कुणी डच आईबापांना शेजारी घेऊन. सगळ्यांचे चमचे हातात. मावशीनं त्यांना थांबवलं.

"यात मेथी आहे, ती आपली नाही, नीलमची आहे," ती म्हणाली. "जिनं रांधलं तिनं आधी खाल्लंय. आता तुम्ही खा."