हिंगाचा वास

हे मी आजवर कुणाशीच बोललेले नाही. नवऱ्याशीही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या मामीला ओळखत नाही.

मामाचा चिकमगळूरला कॉफीचा छोटा मळा आहे. पिकलेली लाल फळंच तेवढी वेचायची, साल काढून धुवायची, मग अंगणात वाळवायची — आणि ते वाळवण मामीचं. सारखी दंताळं घेऊन उठणार, बिया वरखाली करणार. पंधरा वर्षं हेच! तिच्या हाताखाली एक दाणा कधी बुरसला नाही.

इथे हायडेलबर्गला कॉफी भाजून विकणाऱ्या एकाने नमुना मागितला, तेव्हा मामा हरखूनच गेला. मी तेव्हा सुट्टीला तिकडे गेले होते; परतताना त्याने दिल्या दोन किलो कच्च्या बिया, कापडी पिशवीत. बिया वास ओढतात, हातातल्या बॅगेतून ने, असं त्याने मला तीनदा बजावलं. आणि मी? हातातल्या बॅगेत बेसनाचे लाडू होते — चुरा होईल म्हणून. पिशवी कोंबली मोठ्या बॅगेत, काळा मसाला आणि हिंगाच्या डबीच्या मध्ये. घरी येऊन बघते तर डबीचं झाकण निघालेलं.

तरी पिशवी झटकून नेली. काय वाटलं होतं मला — जर्मन माणसाला हिंग कळणार नाही? त्याने कप नाकाशी नेला, खाली ठेवला आणि विचारलं, हे वाळवलं कुठे? तिथेच बोलायचं होतं. मी खांदे उडवले.

संध्याकाळी स्काइपवर मामा आशेने बसलेला. मी म्हणाले, "वाळवताना कसला तरी वास लागलाय म्हणे."

मामाने वळून मामीकडे पाहिलं. ती अंगणाच्या कडेला घरच्या मिरच्या वाळत घालायची ना!

पुढच्या हंगामात त्याने जाळीच्या मांडण्या केल्या, वाळवणाला माणूस ठेवला. नमुना पास झाला. आता ती कॉफी आमच्या घराजवळ मिळते, आणि — आल्झो, म्हणजे, खरं सांगू? — मी ती रोज मजेत पिते. छान चाललंय आमचं. भाचीमुळे झालं, असं मामा सगळ्यांना सांगतो.

मामी मात्र पुन्हा वाळवणाला हात लावायला गेली नाही. मिरच्याही विकतच्या आणते.

गेल्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली. त्या दुकानात बसून तिने कप दोन्ही हातांत धरला, सावकाश वास घेतला, समाधानाने हसली.

"बरं झालं बाई, तू तेव्हा खरं सांगितलंस," म्हणाली. "नाहीतर माझ्यापायी सगळं वाया गेलं असतं."

मी "हो" म्हणाले.