फ्रॉकच्या आतलं फूल

आमच्या आत्याने चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुतले. एका घरचा शर्ट कधी दुसऱ्या घरी गेला नाही, कारण प्रत्येक कपड्याच्या आत ती दोऱ्याची खूण घालायची. अक्षरांशी तिचं जमलं नाही, खुणांशी पक्कं जमलं.

धाकट्या काकांनी घराण्याची वंशावळ छापायला काढली. पुरुष सात पिढ्यांचे, अगदी मिशांसकट. आत्याच्या आजीपुढे मात्र एकच शब्द, 'अनाथ'. गोऱ्या साहेबांच्या अनाथालयातून लग्न करून आणलेल्या त्या बाईला आमच्या घराने जन्मभर 'ना आगा ना पिछा' म्हणून हिणवलं. तिच्या लेकींनाही सोडलं नाही.

"ते छापू नकोस," आत्या म्हणाली. "आजी सांगायची, तिला आई होती."

"ताई, अनाथ पोरं असंच सांगतात. पुरावा आण. परवा छापायला जातंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मिशांचा पुरावा कोणी मागितला होता? दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन मी जुन्या दप्तरांच्या कचेरीत गेलो.

अनाथालयाच्या प्रवेशाच्या वहीत आजीची नोंद होती: मुलगी, वय तीन, आईबाप नाहीत. आत्याने पिशवीतून आजीचा लहानपणचा फ्रॉक काढला. आत अनाथालयाचा नंबर, आणि शेजारी लाल दोऱ्याचं पाच टाक्यांचं फूल.

"नंबर असताना दुसरी खूण कशाला?" आत्या पुटपुटली. "दुप्पट काम कुणी उगाच करत नाही. धुणाऱ्या बायकांची हजेरी बघ."

मी वही उघडली. बाकीच्या बायकांचे अंगठे होते. एकीने मात्र रोज शाईने फूल काढलं होतं, पाच रेघांचं. पहिलं फूल मुलगी दाखल झाल्यावर चौथ्या दिवशी. शेवटचं, तेरा वर्षांनी, त्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी.

प्रवेशाच्या वहीच्या पुठ्ठ्याला नियम चिकटवला होता: आई जिवंत असल्यास मूल घेतले जाणार नाही.

"म्हणजे पोरीला दोन घास मिळावेत म्हणून आईने मेलेलं असायचं!" आत्या एवढ्या मोठ्याने ओरडली की कारकून उठून उभा राहिला. "तेरा वर्षं पोटच्या पोरीचे कपडे धुतले आणि तिला हाक मारली नाही. साहेबाने एकदा लिहिलं, आपण तीन पिढ्या लिहितोय. आपल्याला लाज नको?"

संध्याकाळी काकांनी वहीची नक्कल बघितली. "हे ठीक आहे, पण त्या बाईचं नाव?"

आत्याने वंशावळीचा कागद ओढला, 'अनाथ'वर काट मारली, सुईत लाल दोरा ओवला आणि आजीच्या वर पाच टाके घातले.

"आता छाप," ती म्हणाली.