वैजयंती टीचरचा डेमो तास

वैजयंतीला पहिल्या शाळेतून कुणी काढून टाकलं नव्हतं. वर्गातून उचलून ऑफिसात बसवलं होतं, एवढंच.

सोलापुरातली ती मोठी इंग्रजी शाळा. वैजयंती सांगोल्याकडच्या एका वस्तीवरची, मेंढरं राखणाऱ्या ज्ञानूची मुलगी. बार्शीत राहून बी.एड. केलेली. गणित तिचं पक्कं. पण पालकसभेत एका आईनं वहीबद्दल विचारलं आणि घाईघाईत हिच्या तोंडून निघून गेलं, "तपासून झाली न्हाय अजून." पुढच्या दोन रांगा हसल्या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, तुमचं अक्षर सुरेख आहे. तुम्ही ऑफिस सांभाळा."

वर्षभर ती दाखले लिहीत, ओळखपत्रांवर फोटो चिकटवत बसली. भिंतीपलीकडून तिसरीचे पाढे ऐकू यायचे. एखादं पोर चुकलं की हिचा हात थांबायचा. कुणाशी बोलायचं तर वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघायची. बापाला मात्र फोनवर सांगायची, "मस्त चाललंय."

जूनमध्ये भवानी पेठेतल्या एका लहान शाळेत जागा असल्याचं कळलं. दोन मजली इमारत, पुढं चिंचोळं पटांगण, शेजारून यंत्रमागांची धडधड. मुख्याध्यापिका दाक्षायणी मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कागद नंतर बघू. तिसरीला अपूर्णांक शिकवून दाखवा."

बोलणं उघडं पडू नये म्हणून वैजयंतीनं इंग्रजी वाक्यं पाठ करून आणली होती. ती तिनं एकापाठोपाठ एक म्हणून टाकली. फळ्यावर वर्तुळ काढलं, मधोमध रेघ मारली. चाळीस पोरं गप्प बसून होती, आणि कुणाच्याच डोक्यात काही शिरत नव्हतं. मागच्या बाकावर दाक्षायणी मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. दहा मिनिटं अशी गेली. ही नोकरी काही मिळत नाही, हे मनाशी ठरल्यावर तिची भीतीच सरली.

तिनं खडू खाली ठेवला. पुढच्या बाकावरच्या मुलीच्या डब्याचा नॅपकिन मागून घेतला आणि त्याची मधोमध घडी घातली. "आता हा किती राहिला?"

"सगम," ती मुलगी पुटपुटली आणि लगेच तिनं जीभ चावली. लावण्या तिचं नाव. घरची तेलुगू शाळेत बोलायची नसते, असं तिला कुणीतरी बजावलेलं होतं.

ते जीभ चावणं वैजयंतीच्या चांगल्या ओळखीचं होतं. "सगम म्हणजे गं?"

"अर्धा, टीचर."

तिनं फळ्यावर सगम, अर्धा, हाफ असे तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. पोरं सावरून बसली. तिनं आणखी एक घडी घातली. "आणि हा?"

"पावु!" दहा-बारा आवाज एकदम आले.

"पावु? अगं, आमच्यात बी पावच म्हणत्यात की!"

वर्ग खळखळून हसला. आपण काय बोलून गेलो ते कळून वैजयंतीचे कान तापले. पण तिच्याकडं बघायला कुणाला सवड होती? पोरांनी आपापले नॅपकिन बाहेर काढले होते. एकानं तर आठ पदरी घडी घातली आणि तिला काय म्हणायचं यावर शेजाऱ्याशी भांडण काढलं. ते मिटवता मिटवता घंटा होऊन गेली तरी तिला कळलं नाही.

ऑफिसात तिनंच विषय काढला. "मॅडम, माझं बोलणं जरा..."

"सुधारेल," दाक्षायणी मॅडम म्हणाल्या. "मी दुधनीची. घरात कन्नड. सुरुवातीला मी 'तो पुस्तक' म्हणायची, मुलं तोंडावर हसायची. शुद्ध शिका, पोरांना त्याचा उपयोग आहे. पण आज वर्गात केलंत ते सोडू नका. उद्या आठला या."

त्याला अकरा वर्षं झाली. वैजयंती आता 'नाही' म्हणते; रंगात आली की 'न्हाय' येतंच, आणि मुलं हौसेनं तिला दुरुस्त करतात. शाळेच्या दारात आयांशी ती मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलते. त्या हसतात, मग घरातली सुखदुःखं सांगतात.

गेल्या वर्षी एका नव्या, चकचकीत शाळेनं तिला बोलावलं. तिथल्या बाईंनी हातात टॅब दिला. त्यात रोजचा धडा तयार होता, कुठलं वाक्य केव्हा म्हणायचं तेसुद्धा.

"आणि मुलांनी मधेच भलतं काही विचारलं तर?"

"तेवढा वेळ नसतो, मॅडम."

आभार मानून ती बाहेर पडली आणि रिक्षातूनच तिनं बापाला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ज्ञानूनं विचारलं, "तुजा जीव कुटं रमतुया?"

"हितंच की, भवानी पेठेत."

"मग झालं की. त्यात इचारायचं काय?"

दुसऱ्या दिवशी तिला तिसरीला वजनमापं शिकवायची होती. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून तिनं तासाभरासाठी तराजू मागून घेतला आणि दोन्ही हातांनी सांभाळत जिना चढली.