गुढियारीची धूळ आणि तीन टक्के

काकूंनी गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट काळं झालं होतं.

"सकाळीच पुसला होता मी," त्या म्हणाल्या. "पापड वाळू घातले तरी वरून कपडा टाका लागते. तुमचा पॅनेल काळा नाही होणार काय?"

मी टेपने गच्ची मोजत होते. कठड्याचं माप लिहिलं आणि त्याखाली 'धूळ?' असं लिहून ठेवलं.

रायपूरच्या एका सोलर कंपनीत लागून मला तेव्हा सहाच महिने झाले होते. माझं काम साइट सर्व्हेचं. लोकांच्या घरी जायचं, विजेची बिलं बघायची, गच्ची मोजायची आणि खर्च किती, बचत किती, पैसे किती वर्षांत वसूल होतील याचं एस्टिमेट द्यायचं. शहरातल्याच गुढियारी भागातलं हे घर वानखेडे काका-काकूंचं. काका रेल्वेच्या मालगोदामातून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीकडचे.

"रिटायरमेंटच्या पैशातले हे शेवटचे," काका म्हणाले. "हिले दमा आहे. उन्हाळ्यात खिडक्या उघडल्या की धूळ, बंद केल्या की गरमी. एसी घ्याचा आहे, पण बिल झेपलं पाहिजे. दुसरी कंपनी म्हणते बिल झिरो, चार वर्षांत पैसे वसूल."

ऑफिसात मी हिशोब मांडला. एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतात, असा आमचा ठोकताळा. काकांना तीन किलोवॉट लागणार, म्हणजे बारा युनिट. दिवसा जास्तीची वीज लाइनमध्ये जाते, रात्री आपण घेतो ती त्यातून वजा होते. ही वजाबाकी करणारा तो नेट मीटर. सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना होता, 'धुळीमुळे घट'. त्यात आधीपासूनच तीन टक्के भरलेले असत. ते कोणी बदलत नसे. माझ्या डोळ्यांसमोर काकूंचं बोट आलं.

"मॅडम, सब यही डालते हैं," साहेब म्हणाले. "आज कोटेशन भेज दो."

"सर, आठ दिवस द्या. गच्चीवर मोजून बघते."

"आठ दिन में पार्टी दूसरे के पास चली जाएगी."

मी काकांना फोन करून सरळ विचारलं. ते म्हणाले, "दोन वर्षं विचारच करून राहिलो. आठ दिवसानं काय होते?"

ऑफिसात वहीएवढे दोन छोटे पॅनेल पडून होते. ते मी त्यांच्या गच्चीवर शेजारी शेजारी, सारख्याच उतारावर ठेवले. एक रोज पुसायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. रोज दुपारी बारा वाजता मल्टिमीटर लावून दोन्हींचा करंट मोजायचा. हे काम काकूंनी आपणहून घेतलं. बाराच्या ठोक्याला त्यांचा फोन यायचा.

पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "पुसलेला एकशे ऐंशी, बिनपुसलेला एकशे बहात्तर."

चारेक टक्क्यांचा फरक. साहेब फार चुकलेले नव्हते. मी थोडी खट्टू झाले, थोडं हायसंही वाटलं.

सहाव्या दिवशी फोन आला. "तुमचं यंत्र बिघडलं वाटते. बिनपुसलेला एकशे दहावर आला."

एका रात्रीत एवढी धूळ बसत नाही. मी डबा तसाच ठेवला आणि स्कूटी काढली. पॅनेल बघून जास्तच कोड्यात पडले. वरचा भाग उलट बराच स्वच्छ दिसत होता, आणि करंट मात्र पडलेला. मी वायर तपासली, मीटर तपासला. काकू उकिडव्या बसून पॅनेलच न्याहाळत होत्या.

"हे खाली पाहा ना," त्या म्हणाल्या.

खालच्या फ्रेमलगत बोटभर रुंदीची काळी पट्टी जमली होती. थंडीचे दिवस. पहाटे दव पडलं होतं. त्याने वरची धूळ खाली ओढून आणली, पाणी वाळलं आणि धूळ फ्रेमपाशी चिकटली. मी फक्त ती पट्टी पुसली. मीटर एकशे शहात्तरवर गेला.

काका वर आले. मी त्यांना सांगितलं की पॅनेलमधले चौकोन, म्हणजे सेल, एकाला एक जोडलेले असतात. एक झाकला गेला की बाकीच्यांचा करंटही अडतो.

"म्हणजे एका डब्याचा ब्रेक जाम झाला की पूर्ण गाडी रखडते," काका म्हणाले.

याहून सोपं मी आजवर कोणाला सांगू शकलेले नाही.

मोठ्या पॅनेलमध्ये सेलचे तीन भाग असतात. पॅनेल उभा बसवला तर खालची पट्टी तिन्ही भागांना अडवते. आडवा बसवला तर एकालाच. म्हणून मी पॅनेल आडवे घेतले, उतार थोडा वाढवला, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा सोडली आणि गच्चीवर एक नळही हिशोबात धरला. खर्च जरा वाढला. धुळीची घट धरून उत्पादन मी दिवसाला बाराऐवजी दहा युनिट लिहिलं. दुसरी कंपनी चार वर्षांत वसुली म्हणत होती, माझ्या कागदावर ती जवळपास सहा वर्षांवर गेली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "खर्चा ज़्यादा, यूनिट कम. और ये पार्टी को बताओगी भी?"

"हो, सर."

"बताओ. ऑर्डर गया तो अगला तुम ढूँढके लाना."

काकांनी दोन्ही कोटेशनं टेबलावर शेजारी ठेवली. "त्यांचा कागद चांगला दिसते," ते म्हणाले.

काकूंनी विचारलं, "त्यांना धुळीचं विचारलं होतं काय?"

"विचारलं. पावसात धुऊन जाते म्हणे."

"पाऊस काय दर हप्त्याला येते?"

काकांनी दुसऱ्या कंपनीचा कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पण धुवाचं कोणी? वहीएवढा पुसला ते ठीक, एवढ्या धुळीत हिले जाऊ देत नाही मी."

"कोरडं पुसायचंच नाही," मी म्हटलं. "सकाळी पाणी मारायचं आणि खालच्या कडेवरून वायपर फिरवायचा."

"मग मीच चढतो."

वर्षभराने मी आकडे बघायला गेले. दिवसाची सरासरी दहाच्या थोडी वर होती. उन्हाळाभर एसी चालला होता. बिल झिरो झालं नव्हतं, पण काकांना झेपत होतं. एकाच महिन्यात उत्पादन पडलं होतं. तेव्हा दोघं वीस दिवस अमरावतीला होते.

आमच्या कोटेशनमध्ये शेवटी एक छापील ओळ असते, 'साफसफाई ग्राहकाने करावी'. त्यापुढे मी आता विचारून नाव लिहिते, ग्राहक म्हणजे घरातलं नेमकं कोण. बहुतेक घरांत हे नाव ठरायला अख्खं एस्टिमेट वाचण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.