मयुरीचं जर्मन, आमची धाकधूक

घरातलं एक माणूस काही शिकायला बसलं की शिकतं ते एकटंच, किस्से मात्र घरादाराच्या पदरात पडतात! आमच्या देवबागात चार बायका ओसरीवर टेकल्या की मला म्हणतात, "काकी, ता जर्मनचा सांग मा!" आता नेमकं कुठलं सांगू? एक सांगेपर्यंत दुसरं तोंडाशी येतं. मला अक्षर येत नाही. मी बोलतेय आणि सून सुलभा लिहितेय. तिने मधलं स्वतःच्या फजितीचं काही गाळलं तरी मला कळायचं नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे!

तर गोष्ट अशी. सुलभाची लेक, माझी नात मयुरी नर्स झाली. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात नर्सा हव्या होत्या, पण मुलाखत त्यांच्या भाषेत. क्लास लांब, आणि घरच्या होमस्टेचं काम कोणाच्या गळ्यात घालणार? म्हणून पोरगी घरीच शिकायला लागली, मोबाइलवरून, कानात वायरी घालून. मुलाखत फिसकटली तर पोरीचं मन मोडणार, जमली तर पोरगी जाणार. कसंही झालं तरी डोळ्याला पदर माझ्याच!

*

सुरुवात चिठ्ठ्यांनी झाली. पातेलं, किसणी, कपाट, पाण्याची कळशी, दिसेल त्या वस्तूला रंगीत चिठ्ठी चिकटवून तिने त्यावर जर्मन नाव लिहिलं. येता-जाता वाचलं की डोक्यात बसतं म्हणे!

शेजारची शालन विरजण मागायला आली, चिठ्ठ्या बघितल्या आणि विरजण न घेताच गेली. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की भांड्यांना अशाच चिठ्ठ्या लागतात. संध्याकाळी तिचा नवरा तोंड पाडून आला आणि माझ्या एकुलत्या एक मुलाच्या, बाबलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबल, तू तर एकटोच झील. मगे वाटणी कोणाबरोबर घातलंस?"

एक चिठ्ठी माझ्याही पाठीला होती. देवळात जाऊन आले, बाजारातून आले, तरी पत्ता नाही. काय लिहिलं होतं विचारलं, तर म्हणे, "आजी"!

*

मोबाइलमध्ये एक अ‍ॅप होतं. त्यात रोज धडा करायचा. एक दिवस चुकला की मागच्या सगळ्या दिवसांची मोजणी पुसली जाते. तान्ह्या पोराला कोणी जपणार नाही इतकी ती त्या मोजणीला जपायची.

एकदा रात्री वाऱ्यापावसाने घरातली रेंज गेली. दुसऱ्या दिवशी वारा पडला, पण रेंज काही येईना. बाबल पर्यटकांना बोटीतून डॉल्फिन दाखवायला निघाला होता. ही धावत जाऊन बसली. "बाबा, भायर रेंज गावतली!" बोटीच्या पुढच्या टोकाला बसून, मोबाइल उंच धरून, समुद्राकडे तोंड करून मोठमोठ्याने जर्मन!

बोटीतल्या एका बाईंनी घाबरून विचारलं, "अहो, ही काय करतेय?"

बाबल काय सांगणार? म्हणाला, "डॉल्फिनांक बोलवता."

सगळे पाण्याकडे बघायला लागले. आणि बघा हां, तेवढ्यात डॉल्फिन वर आले! त्यानंतर जो येईल तो विचारायचा, "त्या बोलावणाऱ्या ताई आहेत ना बोटीत?"

बाबल वरवर हसायचा. पण एकदा जाळं आवरता आवरता मला हळूच म्हणाला, "आये, ह्या चेडू गेला तर लोकांक काय सांगू?" लेक त्याची, पण नाव लोकांचं पुढे केलं त्याने. मला कळायचं ते कळलं.

*

मग पेशंटचा धडा आला. मी बाजल्यावर पडायचं, तिने जर्मनमध्ये कुठे दुखतं ते विचारायचं, मी कण्हायचं. मला काय कळणार कपाळ! ती गुडघ्याचं विचारायची आणि मी कान धरायची. "आज्ये, तू नापास!"

एकदा आडवी होताना खरंच कमरेत उसण भरली. "आई गो, मेलंय!" म्हणून ओरडले, तर ही टाळ्या पिटतेय! "झकास, आज्ये! आज अगदी खऱ्यासारख्या वाटला!" मी ओरडतेय, ती जर्मनमध्ये धीर देतेय. शेवटी सुलभा तेलाची वाटी घेऊन धावत आली, तेव्हा कुठे माझा पेशंट खरा ठरला.

पण एक सांगते. एवढं होईपर्यंत तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता. काय बोलत होती देव जाणे, पण बरं वाटत होतं. आणि नेमकं त्यामुळेच रडू आलं. कमरेचं नाव सांगितलं झालं.

*

एकदा आमच्याकडे खराखुरा जर्मन पाहुणा उतरला. मयुरी ताट घेऊन दाराशीच अडली. "आज्ये, चुकलंय तर?" मी म्हटलं, "चुकलंस तर तो काय खातलो तुका? तेका सुरमई दिलेली आसा."

गेली एकदाची ताट घेऊन. जर्मनमध्ये विचारलं, भात वाढू का? तो मराठीत म्हणाला, "हो, कृपया थोडा वाढा." मेला तिकडे घरी बसून मोबाइलवर मराठी शिकून आलेला! हिला जर्मन बोलायचं, त्याला मराठी. ही माघार घेईना, तो वाकेना. सोलकढीपर्यंत दोघं आपापल्या हट्टाने बोलत राहिली. ही रडकुंडीला आली, तोही घामाघूम.

शेवटी ताट उचलून तो थेट चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आजी, तुम्हीच बऱ्या. तुम्हाला जर्मन येत नाही!"

*

मुलाखत जवळ आली तशी मयुरीची झोप उडाली. रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहून ती स्वतःची माहिती म्हणायची. पण दोन वाक्यांतच अडकायची. समोरून हूं की चूं नाही आलं तर माणूस बोलणार कसं?

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाला सांगतो, मागचे लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवाशी बोलणाऱ्यालासुद्धा पाठीशी कोणीतरी लागतं. मला दुसरं काय येतंय? तिचं वाक्य संपलं की मी म्हणायची, "व्हय म्हाराजा!" आधी हसली. मग गाडी अशी सुटली की थांबेना!

मुलाखत मोबाइलवर, एकमेकांचे चेहरे बघून, दुपारची. कुत्रा बांधला, कुकर उतरवला, शालनला मिक्सर लावू नको म्हणून बजावलं. मयुरी खोलीत, दार थोडं उघडं. बाहेर आम्ही तिघं, दाराच्या फटीला चिकटून.

मोबाइलमधल्या बाईने काहीतरी विचारलं. मयुरी एक वाक्य बोलली आणि थांबली.

थांबली ती थांबलीच. बाईही गप्प. फटीतून मला तिची मान दिसत होती, ताठ झालेली, आणि तिच्यापुढे टेकवलेल्या मोबाइलमधली ती बाई. पोरीला पुढचं येत होतं हो! ती वाट बघत होती. माझी!

बाबलने डोळे वटारून तोंडावर बोट ठेवलं. सुलभाने माझा पदर धरला. बोलले तर मुलाखत बिघडणार, न बोलले तर पोरीचं तोंड उघडणार नाही. आणि खरं सांगते, क्षणभर मनात आलं, गप्पच राहावं. पोरगी घरात राहील.

पुढच्याच क्षणी मी ओरडले, "व्हय म्हाराजा!"

बाबलने कपाळावर हात मारला. आत मात्र मयुरी सुटली! एक वाक्य, "व्हय म्हाराजा!" दुसरं वाक्य, "व्हय म्हाराजा!" शेवटी त्या बाईने हात वर करून तिला थांबवलं आणि दाराकडे बोट दाखवलं. संपलं सगळं, मला वाटलं. मयुरी हसली आणि पाठ न केलेलं काहीतरी कितीतरी वेळ सांगत राहिली. त्यातलं "गाऱ्हाणं" तेवढं मला कळलं. बाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती.

मग मयुरीने मोबाइल उचलला आणि दार उघडून माझ्यासमोर धरला. चष्म्यातून ती बाई माझ्याकडे बघत होती. सावकाश, एकेक शब्द सुटा करून काही बोलली आणि थांबली.

"काय म्हणता गो?" मी विचारलं.

मयुरी मोबाइल तसाच धरून म्हणाली, "म्हणता, ह्या चेडवाक आमच्याकडे पाठवा."

बाबल खाली बघत होता. सुलभाने माझा पदर सोडला.

"आज्ये," मयुरी म्हणाली, "बाई थांबलीहा गो. बोल मगे!"