त्याच्या लग्नातलं जेवण

लग्नाच्या हॉलच्या दारात अंगावर गुलाबपाणी शिंपडलं की मला मुलुंडचा तो हॉल आठवतो. कॉलेजपासून ज्याच्यासोबत होते त्याचंच लग्न होतं आणि मला बोलावणं नव्हतं. स्टेजवर चढून सगळ्यांदेखत ‘माझं काय चुकलं रे?’ एवढंच विचारायचं, असं ठरवून मी गेले होते. पायरीपाशी पोचले तोच त्याच्या आईने माझं मनगट धरलं. आता ओरडणार असं वाटलं, पण काकूंनी मला सरळ पंगतीत नेऊन बसवलं, स्वतः वाढलं आणि हळूच म्हणाल्या, ‘‘आधी जेव गो बाय, मगे रड.’’ त्याने सोडल्यापासून मला घास गिळवत नव्हता. तिथे मात्र मसालेभात, वडे सगळं संपवलं, वर जिलबी मागून घेतली. शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘‘मुलीकडच्या का?’’ मी मान डोलावली. मग हात धुऊन, स्टेजकडे न बघता बाहेर पडले आणि घरी जाऊन दुपारभर गाढ झोपले. आज माझा संसार आहे, त्याचा चेहराही धड आठवत नाही. पण मी जिलबी मागितली तेव्हा काकूंचे डोळे भरून आले होते, ते आठवलं की अजून मान खाली जाते.