परवाच काढलेला पासपोर्ट

परदेशी जायचं ठरवणाऱ्यांना माझा पहिला सल्ला: पासपोर्ट स्वतःच्या हाताने उघडून, त्यावरची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नवऱ्याच्या तोंडून ऐकू नका. बाकीचे सल्ले ओघात येतीलच, पण ते नाही वाचले तरी चालेल.

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेकीने आणि जावयाने आम्हा दोघांना बँकॉकची सहल भेट दिली. जावई पुण्याचा, नोकरीसाठी हैदराबादेत आलेला, सरळ मुलगा. त्याने फोनवर विचारलं, बाबा, तुमचा पासपोर्ट केव्हाचा? आमचे साहेब म्हणाले, "अरे, परवाच काढला की." मग नंबर वाचून दाखवला आणि फोन ठेवला. सासऱ्याकडे पानाचा फोटो कसा मागायचा, म्हणून जावई गप्प बसला.

आता हैदराबादी माणसाचा परवा म्हणजे काय, हे पुण्याच्या मुलाला कुठून कळणार? इथल्या बोलीतला 'परसों' आमच्या मराठीत कधीचाच घुसलाय, आणि तो मागे कुठवरही जातो. मलकपेठेतली एक जुनी टॉकीज साहेबांच्या मते परवाच पाडली. ती पाडली तेव्हा आमची लेक रांगत होती.

पासपोर्टही असाच परवाचा. सहलीच्या नऊ वर्षं आठ महिने आधी यांना खात्यातर्फे सिंगापूरला पाठवायचं चाललं होतं, तेव्हा घाईघाईने काढलेला. सिंगापूर रद्द झालं आणि पासपोर्ट कपाटात गेला. त्या वेळी मी विचारलं होतं, माझाही काढू या का? तर म्हणाले, "तुला कुठे जायचंय?" म्हणून माझा राहिला, तो थेट या सहलीसाठी निघाला. कोरा करकरीत.

आमच्या मलकपेठेहून शमशाबादच्या विमानतळाला तासभर धरा, चंद्रायणगुट्ट्याला अडकलात तर जास्त. आम्ही अडकलो, तरी तीन तास आधी पोहोचलो, कारण साहेबांना वेळेचं फार. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट बाजूला ठेवला आणि यांचा पुन्हा पुन्हा पाहिला. सर, मुदतीचे सहा महिने तरी शिल्लक लागतात, तुमचे चारच आहेत, ती अदबीने म्हणाली. आमचे साहेब सरकारी कचेरीतून सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झाले. अर्जावर तारीख राहिली म्हणून लोकांना परत पाठवण्यात यांची हयात गेली. आता हेच त्या मुलीला समजावत होते की आम्हाला पाच दिवस राहायचंय, चार महिने पुष्कळ झाले. ती मान हलवत राहिली. मला तिचं कौतुक वाटलं.

शेवटी हे वळले आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ."

"माझा नवीन आहे," मी म्हटलं. "मी जाते."

"एकटी? तुला काय कळतं तिथलं?"

"तुम्हाला इथलं तरी काय कळलं?"

पस्तीस वर्षांत मी असं बोलले नव्हते. बोलले आणि बॅग उचलून पट्ट्यावर ठेवून दिली. हे आपली बॅग ओढत मागे सरकले आणि खांबापाशी उभे राहिले. मी वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. दोनदा पाहिलं.

बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. ऐकून ऊर भरून येतो, तो इमिग्रेशनच्या रांगेत रिकामा होतो. मी गेले तेव्हा व्हिसा लागत नव्हता, पण निघण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागत होता. नियम बदलत असतात, तुम्ही ताजे बघून घ्या. विमानतळाखालूनच शहरात जाणारी रेल्वे आहे, पन्नास बाथच्या आत अर्ध्या तासात पोहोचवते. टॅक्सीवाल्याशी भांडायची हौस हैदराबादेत भागली नसेल तर वर जा.

शाकाहारी लोकांनी रडू नये. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की तिथे मासळीच्या सॉसचा थेंबही नसतो. 'जे' म्हणायचं, म्हणजे शुद्ध शाकाहारी, लोक मान डोलावतात. पण आपली मंडळी कशाला म्हणतील? माझ्या हॉटेलसमोरच्या भारतीय खानावळीत पनीरसाठी रांग लागलेली असायची, आणि रांगेत चर्चा चालायची की घरचं पनीर याहून बरं असतं. मग घरीच थांबायचं होतं. राजवाड्यातल्या देवळात उघडे गुडघे चालत नाहीत, हे प्रत्येक फलकावर लिहिलेलं आहे. तरी एक गृहस्थ अर्ध्या चड्डीत पहारेकऱ्याला आपली ओळख सांगत होते. मला आमच्या साहेबांची आठवण आली, आणि आली म्हणून राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला माझ्या टेबलावर पुण्याच्या एक बाई येऊन बसल्या. माझं हैदराबादी मराठी त्यांनी आदल्या दिवशी दोनदा दुरुस्त केलं होतं. त्यांनी विचारलं, मिस्टर नाही आले? माझ्या तोंडात कलिंगड होतं.

"एक्स्पायर झालंय ना त्यांचं..."

"अगबाई. केव्हा?"

"परवाच. विमानतळावर."

बाईंनी चमचा खाली ठेवला. माझ्या हातावर हात ठेवला. मग त्यांची नजर माझ्या ताटलीकडे गेली, कलिंगडाच्या चार फोडी, अननस, दोन टोस्ट. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय बोलले. गंमत म्हणजे तो परवा खराखुरा परवा होता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द पुणेरी हिशोबाने वापरला, आणि नवरा मारून बसले.

लगेच खुलासा करायला हवा होता. मी केला नाही. मिनिटभर मी तशीच बसले. कुणी विचारणार नाही, कुणी घरी चल म्हणणार नाही, हे मिनिटभर फार हलकं वाटलं. मग विमानतळावरचा तो खांब दिसायला लागला आणि त्याच्यापाशी कुणीच उभं नव्हतं. मी घाईने सांगितलं, अहो, पासपोर्ट, पासपोर्ट. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी दुसरं टेबल धरलं.

त्याच दिवशी मी साध्या रेल्वेने आयुथयाला, तिथल्या जुन्या राजधानीला, गेले. तिकीट वीसेक बाथ, डब्यात पंखे, खिडक्या उघड्या. तिथे झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं एक डोकं आहे. त्याच्यापेक्षा उंच उभं राहायचं नाही, फोटोसाठीसुद्धा खाली बसावं लागतं. पहारेकरी उभ्या लोकांना हाताने बसवत होता. मी गुडघे धरून बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. तिथूनच यांना फोन लावला. दोन दिवस मी उचलला नव्हता. सकाळची सगळी हकीकत सांगितली, ते मिनिटसुद्धा सांगितलं. हे म्हणाले, "मी आहे अजून."

"हौ, माहीत आहे," मी म्हटलं, आणि रडले.

परत येऊन महिना झाला. फोटो दोनदा दाखवून झाले, आणलेली आंब्याची वडी संपली. राहिलं काय ते सांगायचं तर, बॅग पट्ट्यावर ठेवताना हातात आलेलं बळ. ते अजून आहे. आता कुठे जायचंय असं मला कुणी विचारलं की मी उत्तर देते.

काल साहेबांचा नवा पासपोर्ट आला. माझ्यासमोर टेबलावर ठेवला, तोही तारखेचं पान उघडून. म्हणाले, "आता केव्हा जायचं?"

"परवा," मी म्हटलं.

हे उठले, भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"तारीख लिही," म्हणाले.